एंडाइव्ह: दसऱ्याला पेरा, संक्रांतीला झाका

"कामून बांधलंस रे ह्याला? पळून जाणार हाय का?"

दर जानेवारीत शेजारच्या काकू कुंपणावरून हेच विचारतात. वाफ्यात दहा-बारा हिरवे गड्डे अंबाडा घातल्यासारखे उभे असतात, प्रत्येकाला केळीच्या सोपटाची पट्टी बांधलेली. आठवड्याने त्यातला एक सोडतो आणि आतली फिकट पिवळी पानं काकूंच्या हातावर ठेवतो. काकू दोन पानं चावतात आणि निकाल देतात, "पाथरीच की ही. जरा शहाणी झालेली."

काकूंना वनस्पतिशास्त्र येत नाही, पण त्यांची जीभ बरोबर सांगते. एंडाइव्ह ही कच्ची खायची कडसर पालेभाजी. शास्त्रीय नाव सिकोरियम एंडिव्हिया, सूर्यफूल-करडईच्या कुळातली. त्यातही पान तोडलं की पांढरा चीक येणारी जी शाखा आहे, तिच्यातली. लेट्यूस, चिकोरी आणि आपल्या बांधावरची पाथरी, ही सगळी तिथलीच भावंडं. पाथरी धुऊन कांदा-शेंगदाण्यांसोबत कच्ची खाणाऱ्या मराठवाड्याला कडू पानाचं भय सांगण्यात अर्थ नाही. आपल्याकडे हे पीक फसतं ते चवीमुळे नाही, तारखा चुकल्यामुळे. दोनच तारखा सांभाळायच्या: पेरणीची आणि झाकण्याची, म्हणजे पान अंधारात ठेवून कडवटपणा उतरवण्याची. मधलं सगळं मेथी-पालक लावणाऱ्याला जमतंच.

मी परभणीच्या कडेला राहतो. घरामागे अर्ध्या गुंठ्याचं परस आहे, जमीन काळी, पाणी बोअरचं आणि जड. पुढचं सगळं त्या जमिनीतून आलेलं आहे. तुमच्याकडे गच्ची असेल, तर त्याबद्दलही सांगतो.

आधी बी ओळखा

एंडाइव्हचे दोन प्रकार आहेत. एक कुरळ्या, झालरीसारख्या कापलेल्या पानांचा. त्याला फ्रिझे म्हणतात. दुसरा रुंद, थोड्या सुरकुतलेल्या पानांचा; तो एस्करोल. कुरळा दिसायला देखणा आणि थोडा लवकर तयार होणारा, पण त्याच्या झालरीत मावा शिरला की धुता धुता संध्याकाळ होते. रुंद पानाचा कमी कडू, गड्डा भरीव, बांधायला सोपा. पहिल्या वर्षी रुंदच लावा. कुरळ्याची हौस असेल तर पाच-सहा झाडं शेजारी ठेवा. पाकिटांवर ब्रॉडलीव्ह्ड बटाव्हियन, फुल हार्ट बटाव्हियन ही नावं रुंद पानाची असतात. ग्रीन कर्ल्ड रफेक हे नाव कुरळ्याचं.

गोंधळ होतो तो नावांचा. 'बेल्जियन एंडाइव्ह' म्हणून जो पांढरा, कणसासारखा कोंब मोठ्या शहरांत विकतात, ती मुळात चिकोरी. तिची मुळं काढून अंधारात फुटवतात, तेव्हा तो कोंब येतो. कॉफीत मिसळायची चिकोरीही तीच जात. गुजरातेत जामनगर भागात ती मुळांसाठी पिकवतात. ते बी आणून पेरलंत तर पानं येतील, पण या लेखातलं वेळापत्रक तिला लागू पडणार नाही.

माझं पहिलं वर्ष असंच गेलं. शहरातल्या एका बियाण्याच्या दुकानातून 'एंडाइव्ह' म्हणून सुटी पुडी आणली आणि दीड महिन्याने वाफ्यात साधं लेट्यूस उभं राहिलं. तेव्हापासून पुडी उघडली की चिमूटभर बी तळहातावर घेऊन बघतो. लेट्यूसचं बी लांबट, चपटं, दोन्ही टोकांना निमुळतं. एंडाइव्हचं बी आखूड, कोनाकोनाचं, भुरकट, आणि त्याच्या एका टोकाला खवल्यांचा इवलासा मुकुट असतो. भिंग असेल तर छान दिसतो, नसेल तरी बोटाला बीचा बोथटपणा कळतो. एका ग्रॅममध्ये सहाशेच्या आसपास बी बसतात, म्हणजे एक ग्रॅमची पुडी घराला दोन वर्षं पुरते. पाकिटावरची पॅकिंगची तारीख मात्र बघून घ्या. कोरड्या, थंड जागी ठेवलेलं बी चार-पाच वर्षं टिकतं, पण दुकानाच्या पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेलं बी टिकत नाही.

तारीख

एंडाइव्हला वाढायला १५ ते २२ अंश सेल्सिअसची हवा आवडते. आपल्याकडे तशी हवा दिवसभर कधीच नसते. डिसेंबर-जानेवारीतही दुपार २८-२९ अंशांपर्यंत जाते, पण रात्र १०-१२ अंशांवर उतरते आणि सरासरी जमून जाते. परभणीचा पारा तर दहाच्याही खाली घसरतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांच्या मनात काय होतं ते असो, या पानांना आमची थंडी मानवते एवढं खरं.

बी पेरल्यापासून गड्डा भरायला रुंद पानाच्या प्रकाराला साधारण ८० ते ९० दिवस लागतात, कुरळ्याला ६५ ते ८०. आता उलटं मोजा. गड्डा भरण्याचा काळ जानेवारीत यायला हवा. फेब्रुवारी उजाडला की दुपार ३२ च्या पुढे सरकते, मार्चमध्ये ३६-३७ होते. म्हणून पहिली पेरणी ऑक्टोबरच्या मध्याला, दसऱ्याच्या पुढेमागे. दुसरी दिवाळी झाल्यावर. तिसरी आणि शेवटची नोव्हेंबरच्या २०-२५ तारखेपर्यंत. सगळं बी एकदम पेरू नका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दहा-बारा रोपं केली तर जानेवारीच्या सुरुवातीपासून महाशिवरात्रीपर्यंत ताटात पान राहतं.

डिसेंबरात पेरलं तर काय होतं? मी करून बघितलं. रोप लहान असतानाच कडाक्याच्या रात्री लागतात, आणि गड्डा धरायच्या वेळेला दिवस मोठा होत जातो, ऊन चढतं. झाडाला वाटतं, थंडी संपली, आता फुलायचं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या सगळ्या झाडांनी कमरेएवढे दांडे काढले आणि त्यांवर सुंदर निळी फुलं आली. फुलं बघायला लोक थांबायचे. पानं शेळीनेही अर्धी सोडली.

सप्टेंबरात घाई करण्यातही फायदा नाही. परतीचा पाऊस रोपं कुजवतो, आणि तो गेला की ऑक्टोबरचं ऊन आहेच.

माठाशेजारची पुरचुंडी

ऑक्टोबरची पेरणी हीच खरी कसोटी. एंडाइव्हचं बी २० अंशांच्या आसपास उत्तम उगवतं. माती तिशीच्या वर तापलेली असेल तर बी झोपून राहतं, अर्धंमुर्धंच उठतं. आपल्या वाफ्याची वरची माती ऑक्टोबरच्या दुपारी तिशी सहज ओलांडते. त्यामुळे उघड्या वाफ्यात फोकून पेरलेल्या पहिल्या बियांचं मला कधी धड काही दिसलं नाही.

यावर उपाय घरातच असतो. जुन्या धोतराचा नाहीतर सुती साडीचा वीतभर तुकडा ओला करून पिळायचा, त्यात बी पसरायचं, गुंडाळी करून ती पाण्याच्या माठाच्या पोटाला टेकवून ठेवायची. माठ पाझरतो, बाहेरून गार राहतो. पुरचुंडीला ओल आणि गारवा दोन्ही मिळतात. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ उघडून बघा. बीच्या टोकाला पांढरा ठिपका फुटला की त्याच दिवशी पेरायचं. कोंब लांबू दिला तर पेरताना मोडतो.

पेरणी ट्रेमध्ये करा. ९८ खळग्यांचा प्रो-ट्रे कुठल्याही नर्सरीत मिळतो. निम्मं कोकोपीट आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत भरा, प्रत्येक खळग्यात दोन बी, वर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त माती नको. खोल गेलेलं बी वर येत नाही. ट्रे कडुनिंबाच्या सावलीत किंवा पूर्वेच्या ओसरीत ठेवा आणि उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट टाका. चौथ्या दिवसापासून गोणपाट उचलून बघत राहा, कारण कोंब वर आल्यावर एक दिवस जरी झाकून राहिले तरी रोपं दोऱ्यासारखी लांबतात. उगवण ५ ते १० दिवसांत उरकते. मग सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. दोन पानं आली की खळग्यातलं अशक्त रोप कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळंही हलतात.

रोपं मानेतून काळी पडून कोलमडायला लागली तर दोष बहुतेक वेळा पाण्याचा. संध्याकाळी पाणी देणं बंद करा, वरची माती सुकू द्या. मी ट्रे भरताना मिश्रणात थोडा ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळतो, तेव्हापासून हा त्रास कमी आहे.

काळ्या मातीत गादीवाफा

रोप २५ ते ३० दिवसांचं, चार-पाच पानांचं झालं की लावणी. तोवर वाफा तयार हवा.

काळ्या जमिनीत सपाट वाफ्यावर एंडाइव्ह लावू नका. पाणी धरून बसणारी माती आणि जमिनीला टेकलेली पानं यांचा मेळ बसत नाही. खालची पानं सडतात आणि सड आत जाते. गादीवाफा ३ फूट रुंद आणि निदान अर्धा फूट उंच करा. १० फूट लांबीच्या वाफ्याला दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरते. कच्चं शेणखत नकोच; त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. माती फारच चिकट असेल तर एखादं घमेलं नदीची वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा.

अशा वाफ्यात ३० सेंटीमीटरवर तीन ओळी आणि ओळीत ३० सेंटीमीटरवर रोप, म्हणजे तीस झाडं बसतात. पाच जणांच्या घराला तेवढी पुष्कळ. मला सुरुवातीला वाटलं, इतकीशी रोपं, २० सेंटीमीटरवर लावू. जानेवारीत पानं एकमेकांत गुंतली, खाली हवा फिरेना, निम्मे गड्डे तळातून काळे निघाले.

लावणी संध्याकाळी करा. मातीचा गोळा न फोडता रोप ठेवा आणि मुख्य म्हणजे पानं जिथून फुटतात तो मधला डोळा मातीच्या वर राहू द्या. तो पुरला गेला की रोप पंधरा दिवस कण्हत राहतं. लावल्यावर तीन-चार दिवस दुपारी शेडनेटचा तुकडा किंवा तुरीच्या डहाळ्यांची सावली करा. सातव्या-आठव्या दिवशी नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरून घ्या. त्यासाठी ट्रेमधली पाच-सहा रोपं राखून ठेवलेली असावीत.

गच्चीवर लावणार असाल तर १२ इंची कुंडीत एक झाड. एक भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट. लातूर, संभाजीनगरच्या गच्च्या नोव्हेंबरातही दुपारी तापतात, म्हणून कुंडी थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा आणि पश्चिमेचं ऊन अडवा.

पाणी आणि खत

पाण्याचा ताण पडला की पान कडू होतं. एवढ्या वाक्यात बरंचसं आलं. एक दिवस भरपूर आणि चार दिवस कोरडं, हे या पिकाला चालत नाही. कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडून करपतात, तेही याचमुळे. बघणाऱ्याला रोग वाटतो, पण पाणी मागेपुढे झालं की वाढत्या पानाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि टोक जळतं. आपल्या काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर असतो, त्यामुळे चुना टाकून उपयोग नाही. पाण्याचा नेम सुधारा.

ठिबक सर्वांत बरं. वाफ्यावर दोन लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, आणि बोट खुपसून दीड-दोन इंचावर ओल लागते की नाही हे रोज बघणं. माझ्याकडे डिसेंबरात दिवसाआड अर्धा तास पुरतं, तुमच्याकडे वेगळं असू शकेल. ठिबक नसेल तर झारीने बुडाशी, सकाळी. ओळींमध्ये सोयाबीनचा भुसा किंवा उसाचं पाचट दोन बोटं जाड पसरा. ओल टिकते, तण कमी येतं आणि पानांना माती लागत नाही. सोयाबीनचा भुसा आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास मुबलक असतो, जाळण्यापेक्षा इथे आणा.

खताचं फार मनावर घेऊ नका. लावणीनंतर तीन आठवड्यांनी आणि परत सहा आठवड्यांनी त्या दहा फुटी वाफ्याला २०-२५ ग्रॅम युरिया झारीभर पाण्यात विरघळवून बुडाशी द्या, किंवा जीवामृत दर पंधरा दिवसांनी. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि मावा आमंत्रण दिल्यासारखा येतो. झाकायच्या आधी पंधरा दिवस सगळं बंद.

आमच्या जमिनीत आणखी एक गंमत होते. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. भुईमुगात हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. लहान वयातच दिसलं तर लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्धा ग्रॅम लिंबूसत्व घालून आधी एका झाडावर फवारा, दोन दिवस थांबा, पान भाजलं नाही तर बाकीच्यांवर.

खाणारे

मावा येतोच. डिसेंबरात ढगाळ हवा पडली की दुसऱ्या दिवशी पानं उलटून बघा. पिवळे चिकट सापळे लावा, पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने दोनदा-तीनदा फवारा. पानाखाली पोचला नाही तर अर्क वाया. कच्चं खायचं पान आहे, त्यामुळे रासायनिक कीटकनाशकाकडे मी वळत नाही. पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर ती नागअळी. तेवढी पानं खुडून टाका.

गोगलगायींचं सांगायला हवं. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनवर त्यांनी काय केलं ते अजून कोणी विसरलेलं नाही. हिवाळ्यात त्या कोरड्या जमिनीत दडी मारतात, पण तुम्ही एक ओला, झाकलेला, मऊ पानांचा वाफा तयार केलात की त्यांच्यासाठी तो पावसाळाच. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट टाका, सकाळी उलटून खालच्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात टाकू नका.

शेतात लावणार असाल तर हरणं आणि रोही यांच्यासाठी कुंपण लागेल. परसात नासधूस करायला कोंबड्याच पुरेशा आहेत.

झाकणं

आता ते बांधण्याचं. एंडाइव्हचा कडवटपणा लॅक्टुसिनसारख्या द्रव्यांचा. ती चिकातच असतात. पानाला ऊन मिळत राहिलं तर ती वाढतात. पान अंधारात ठेवलं तर हिरवा रंग जातो, फिकट पिवळा-पांढरा येतो, पान कुरकुरीत होतं आणि कडवटपणा इतका उतरतो की लहान मुलंही खातात. युरोपातले माळी शतकानुशतकं हे करत आले आहेत, आणि त्यात कुठलंही यंत्र नाही.

गड्डा भरल्याची खूण म्हणजे झाड ताटाएवढं पसरतं आणि मधली पानं आपोआप फिकट, दाट होऊ लागतात. पहिल्या पेरणीचं हे काम बरोबर संक्रांतीच्या आसपास येतं.

दुपारी बांधा, एक ते तीनच्या मध्ये, जेव्हा पानावर दवाचा थेंबही नसतो. हा नियम मोडायचा नाही. ओलं पान बांधलंत की आत तीन दिवसांत शेवाळी वास सुटतो आणि गड्डा हातात लगदा होऊन येतो. आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवा, म्हणजे बांधलेल्या दिवशी द्यावं लागत नाही. जमिनीवर लोळणारी पिवळी, फाटकी पानं काढून टाका. मग दोन्ही हातांनी बाहेरची पानं लहान मुलीचे केस गोळा करावेत तशी वर घ्या, आत कीड नाही ना हे डोकावून बघा, आणि वरून एक तृतीयांश अंतरावर पट्टी बांधा. सुतळी पान कापते. केळीचं सोपट किंवा जुन्या कापडाची बोटभर रुंद चिंधी उत्तम. गाठ सैल ठेवा. गड्डा अजून फुगणार असतो.

कुरळ्या प्रकाराला बांधणं जमत नाही, पानं हातात राहतच नाहीत. तिथे मधोमध काहीतरी पालथं घालायचं. मी संक्रांतीची सुगडं वापरतो. वाण लुटून झालं की घरात आठ-दहा सुगडं पडूनच असतात. एक सुगड झाडाच्या बरोबर मध्यावर पालथं ठेवलं की आतला तळहाताएवढा भाग पांढरा होतो, बाहेरची झालर हिरवी राहते, आणि ताटात ते दोन रंग फार सुरेख दिसतात. न भाजलेल्या मातीचं नको, विरघळतं. कच्चा रंग फासलेलंही नको. भाजलेलं साधं मडकं हवा खेळती ठेवतं, प्लास्टिकच्या डब्यात घाम धरतो. सगळं झाडच पांढरं करायचं असेल तर डालगं पालथं घालून वर गोणपाट टाका.

किती दिवस? थंड देशांत दोन ते तीन आठवडे सांगतात. आपल्याकडे दुपार गरम असते, इतकं थांबलात तर सडेल. जानेवारीत ८ ते १० दिवस, फेब्रुवारीत ५ ते ७. चौथ्या दिवसापासून एक गड्डा थोडा उघडून नाक लावा. वास ताज्या काकडीसारखा हवा. या दिवसांत पाणी फक्त ठिबकने, वरून एक थेंब नाही. अवकाळी पाऊस आला तर पाऊस थांबल्यावर सगळ्या गाठी सोडा, पानं उन्हात सुकू द्या, आणि दोन दिवसांनी परत बांधा. आळस केलात तर पावसाने नाही, गाठीने नुकसान होतं.

आणि एकदम सगळे बांधू नका. पांढरं झालेलं झाड वाफ्यात थांबत नाही. दर तीन-चार दिवसांनी चार झाडं, म्हणजे रोजच्या खाण्याला हिशोब जमतो.

कापणी आणि ताट

सकाळी लवकर, धारदार विळ्याने जमिनीलगत कापा. बुडाला चीक येतो, हाताला लागला की तपकिरी डाग पडतात, दोन दिवसांत जातात. थोडं बूड ठेवून कापलंत आणि पाणी चालू ठेवलंत तर जानेवारीत कापलेल्या झाडाला परत छोटी पानं फुटतात. बांधलेली पानं फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात चार-पाच दिवस राहतात, न बांधलेली आठवडाभर.

गड्डा फोडून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मावा असेल तर वर तरंगतो. नंतर दोन पाण्यांनी धुऊन फडक्यावर कोरडी करा. आमच्याकडे त्याचा घोळाणा होतो: पानं हाताने तोडायची (सुरीने कापली की कडा काळ्या पडतात), बारीक कांदा, भरडसर शेंगदाण्याचं कूट, मीठ, लिंबू, आणि वरून करडईचं कच्चं तेल. मीठ, आंबट आणि स्निग्ध या तिन्हींनी कडूची धार मोडते. एखादी फोड गुळाची घातली तर पाहुण्यांनाही कळत नाही. वेळा अमावस्येला भज्जी आणि आंबिलीच्या शेजारी ठेवायला पहिल्या पेरणीतली बाहेरची पानं तयार असतात. मी गेल्या दोन वर्षांत ठेवली, कोणी नाही म्हणालं नाही.

बाहेरची गर्द हिरवी पानं टाकू नका. बारीक चिरून लसूण-मिरचीवर परता आणि डाळीचं पीठ पेरा; करडईच्या कोवळ्या पानांच्या भाजीची आठवण येईल.

दोन माणसांनी जपून. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून खा, कारण या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. आणि ज्यांना गाजरगवताने अंगावर पुरळ येतं, त्यांनी हातमोजे घालूनच झाड हाताळावं. गाजरगवत याच कुळातलं. त्यातलं खाजवणारं द्रव्य आणि एंडाइव्हच्या चिकातलं द्रव्य एकाच घराण्यातलं. माझ्या मेहुण्याच्या मनगटावर संध्याकाळपर्यंत चट्टे उठले होते.

विकायचा विचार असेल तर आधी गिऱ्हाईक शोधा, मग बी आणा. आडत बाजारात हा माल नेलात तर त्याला नाव नाही, मग भाव कुठला. संभाजीनगरला अजिंठा-वेरूळच्या निमित्ताने बाहेरचे पाहुणे येतात, तिथल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात विचारून, आठवड्याला किती गड्डे लागतील हे ठरवून तेवढंच लावा. एकरभर लावून मग विचारत फिरू नका.

एक झाड बीसाठी

सगळ्यात डौलदार एक झाड न बांधता, न कापता सोडा. मार्चमध्ये ते दांडा काढेल, निळी फुलं येतील. सकाळी उमलतात, ऊन चढलं की मिटतात. एंडाइव्हचं परागीभवन बहुतेक स्वतःचं स्वतःच होतं, त्यामुळे एका झाडाचं बीही खात्रीचं निघतं. एप्रिलअखेर दांडा वाळला की कापून गोणपाटावर उन्हात ठेवा. बी बोंडात घट्ट बसतं, तुरीसारखं सहज सुटत नाही. लाटण्याने रगडून सुपात पाखडावं लागतं. काचेच्या बरणीत, तळाशी चुलीची कोरडी राख, वर कागदाची पुडी, पुडीवर वर्ष आणि प्रकार लिहिलेला. बरणी माठाच्या मागच्या कोनाड्यात ठेवतो. मे महिन्यात घरातली तेवढीच एक जागा गार असते, आणि दसऱ्याला पुरचुंडी बांधायची वेळ आली की हात तिकडेच जातो.